दुसऱ्याचं म्हणणं

“माझं मत विचारू नका. दुसऱ्याचं विचारा, ते मी जास्त चांगलं सांगतो.”

चष्मेवाला हे एकदा चर्चच्या सभागृहात म्हणाला आणि लोक हसले. लोक हसले की आपण काहीतरी खोल बोललो असं त्याला वाटायचं, म्हणून पुढची कित्येक वर्षं तो हेच वाक्य इकडचा शब्द तिकडे करून वापरत राहिला.

त्याचं दुकान चर्चच्याच रस्त्यावर होतं. पुढे काचेचं कपाट, मागे पडद्याआड एक उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणारी अक्षरं. दिवसभर तो लोकांच्या नाकावर जड चौकट ठेवून भिंगं बदलायचा आणि विचारायचा, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं? गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. या धंद्यात स्वतःचं मत असून चालत नाही. चष्मेवाल्याने ही सोय धंद्याबाहेरही नेली होती.

शनिवारी संध्याकाळी तो सभागृहात ‘समजून घेऊ’ नावाची बैठक चालवायचा. चर्चच्या मंडळीतली माणसं, दुसऱ्या धर्मांचे शेजारी आणि कुठलाच देव न मानणारे दोघे-तिघे, सगळे गोल करून बसायचे. आजाऱ्याला मरण मागायचा हक्क असावा का, दोन पुरुषांनी संसार थाटावा का, शाळेत मुलींनी डोकं झाकावं का, असे विषय निघायचे. याच विषयांवरून घरोघरी जेवणं अर्धवट राहत होती. बैठकीचा नियम एकच, आणि तो चष्मेवाल्यानेच घातलेला. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं, की त्याने मान डोलावून “हो, हेच” म्हणायला हवं. मगच आपलं.

नियम चांगला होता. चष्मेवाला त्यात इतका तरबेज झाला की त्याचं स्वतःचं सांगायची पाळी येईपर्यंत चहा आलेला असायचा. देव न मानणारे त्याच्या तोंडून आपली बाजू ऐकून सुखावायचे. शेजारचा शिंपी मुसलमान. तो म्हणायचा की तुम्ही नमाजाबद्दल बोलता तेव्हा मलाच घरी जाऊन नीट नमाज पढावासा वाटतो. चष्मेवाला त्यावर नम्रपणे खाली बघायचा. नम्रपणे खाली कसं बघायचं हे आपण दुकानातल्या आरशात कधीतरी बघून ठेवलं असावं, असा त्याला स्वतःविषयी संशय होता.

घरी मात्र त्याची डाळ शिजत नव्हती. बायको म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. त्याने पुस्तक बाजूला ठेवलं, तिच्याकडे पूर्ण वळून बसला आणि म्हणाला, “तुझं म्हणणं असं, की नळ गळतोय आणि मला त्याचं काही सोयरसुतक नाही. बरोबर?”

“अगदी बरोबर,” ती म्हणाली. “आता पाना घे.”

पाना त्याने घेतला नाही. बायकोच्या मनातलं नेमकं ओळखल्याच्या समाधानात त्याचा रविवार गेला. नळ गळत राहिला.

अशात मशिदीचं छप्पर उतरवायचं ठरलं. लाकूड कुजलं होतं, आत बसणं धोक्याचं झालं होतं. शुक्रवारच्या दुपारच्या नमाजासाठी जागा हवी होती, आणि शुक्रवारी दुपारी चर्चच्या सभागृहात टेबलटेनिसच्या टेबलाखेरीज कोणी नसायचं. शिंप्याने दुकानात येऊन विचारलं. चष्मेवाला मंडळीच्या पंचांपैकी एक होता. तो म्हणाला, भाऊ, माझ्यावर सोडा. शिंप्याने सोडलं. एवढंच नाही, तर त्याच्या लोकांनी गल्लीतलं एक गोदाम बघून ठेवलं होतं, तेही शिंप्याने सोडायला लावलं. चष्मेवाल्यांचा शब्द आहे, म्हणाला. गोदाम लगेच दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

पंचांची सभा भरली. चर्चच्या पाळकसाहेबांनी विषय मांडला. विरोधात बोलायला निवृत्त हेडसर उठले. ते चिडले की शब्द विसरायचे. हे काही बरोबर नाही, आज हे, उद्या आणखी काही, एवढं दोनदा म्हणून ते खाली बसले. आता चष्मेवाल्याने नुसतं उठून “जागा द्यावी” म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण नियम आडवा आला. आधी सरांचं म्हणणं सांगायला हवं होतं, आणि सरांनी ते फारच वाईट मांडलं होतं. चष्मेवाल्याला त्यांची कीव आली.

त्याने सुरुवात केली. हे सभागृह आपल्या आजोबा-पणजोबांनी विटा वाहून बांधलं, असं सरांना म्हणायचं आहे. इथे आपली लग्नं लागली, इथूनच आपली माणसं शेवटची गेली. माणसाला एक तरी खोली अशी हवी जिथे त्याला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. त्या खोलीचं दार घट्ट धरणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. आपलं आता थोडंच उरलं आहे ही भीती असते. बोलता बोलता त्याचा स्वतःचाच आवाज भरून आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा त्याच्याच दुकानातला होता.

“हो, हेच,” हेडसर उठून म्हणाले. “मला एवढं सगळं वाटतं, हे मलाच माहीत नव्हतं.”

त्यानंतर चष्मेवाल्याने आपली बाजूही मांडली. शेजारी आहेत, गरज आहे, द्यायला हवं. त्याच्या कानांना ती वाण्याला सांगितलेल्या सामानाच्या यादीसारखी वाटली. हात वर करायची वेळ आली तेव्हा “द्यावी” म्हणणारे हात मोजकेच निघाले आणि त्याचा स्वतःचा हात सगळ्यात उशिरा वर गेला. तो अजून सरांच्या आजोबांच्या विटांमध्ये अडकलेला होता.

निरोप कुणी सांगायचा? पाळकसाहेब म्हणाले, तुम्हीच सांगा, तुमच्यासारखं कुणाला जमणार.

शिंपी कापडावर खडूने रेघ ओढत होता. चष्मेवाल्याने पंचांची अडचण, जुन्या माणसांच्या भावना, सगळं हळुवारपणे उलगडून सांगितलं. शिंप्याने रेघ पुरी केली.

“छान सांगितलंत,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला राग आला असता.” मग खडू ठेवून त्याने विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“भाऊ, तुमचं दुःख मला समजतं. तुमचं म्हणणं असं, की–”

“माझं म्हणणं मला पाठ आहे. मी तुमचं विचारलं.”

चष्मेवाल्याने स्वतःच्या आत शोधून पाहिलं. त्याच्या दुकानातल्या भिंतीवरचं सगळ्यात वरचं अक्षर इतकं मोठं होतं की खुर्चीवर बसलेला म्हाताऱ्यातला म्हातारा ते वाचायचा. चष्मेवाल्याला या घडीला आत कुठे तेवढंही दिसेना. गिऱ्हाईक आलंय बहुतेक, असं पुटपुटून तो आपल्या दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. तो स्वतःच त्या उंच खुर्चीवर जाऊन बसला आणि स्वतःला विचारायला त्याच्याकडे एकही प्रश्न नव्हता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्याने न सांगता पाना घेतला आणि नळ दुरुस्त केला. बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं.

“ताप तर नाही,” ती म्हणाली.

पुढच्याच शुक्रवारी दुपारी दुसऱ्या गावच्या मंडळीतले पाहुणे येणार होते. ‘समजून घेऊ’ची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती, त्यांनाही तसलं काही सुरू करायचं होतं. त्यांच्यासाठी खास बैठक ठेवली. टेबलटेनिसचं टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या गोल मांडल्या. बऱ्याच रिकाम्या राहिल्या. शिंप्याची नेहमीची खुर्चीही रिकामी होती. विषय पाळकसाहेबांनी निवडला होता: शेजारी.

खिडकीतून समोरचा फुटपाथ दिसत होता. शिंप्याची माणसं तिथे चादरी अंथरत होती. ऊन डोक्यावर होतं. शिंप्याच्या म्हाताऱ्या वडिलांचे गुडघे वाकत नसत, ते बसूनच नमाज पढायचे. शिंप्याने त्यांच्यासाठी दुकानातलं शिवणयंत्राचं स्टूल आणलं होतं. त्याला पाठ नव्हती. म्हातारा एका हाताने भिंत धरून त्यावर बसायचा प्रयत्न करत होता.

पाहुण्यांपैकी एका बाईंनी खिडकीकडे बघून विचारलं, ही बाहेरची मंडळी कोण? सभागृहात जराशी चुळबुळ झाली. हेडसर रुमालाची घडी घालू लागले. पाळकसाहेबांनी मात्र प्रसन्नपणे चष्मेवाल्याकडे हात केला.

“त्यांचं म्हणणं आमचे चष्मेवाले सांगतील,” ते म्हणाले. “त्यांच्यापेक्षाही चांगलं सांगतील.”

पाहुणे कौतुकाने सावरून बसले. चष्मेवाला उठला. बायको कोपऱ्यात बसली होती. तिने डोळे मिटून घेतले. हे असलं ऐकताना ती तसंच करायची. त्याने घसा साफ केला. सुरुवात तयार होती, नेहमीसारखी अगदी जिभेवर. ती चांगली आहे हे त्याला कळत होतं, आणि आपल्याला ते कळतंय याचीच त्याला लाज वाटली.

त्याने वळून आपली खुर्ची उचलली. लाकडी, पाठीची, हात असलेली; अध्यक्षाची म्हणून जरा जड. गोल मोडून तो दाराकडे निघाला. दारात खुर्चीचे पाय अडकले. पहिल्यांदा त्याने उगाच जोर केला, मग खुर्ची आडवी केली, तीही चुकीच्या बाजूने, आणि कोपर दारावर आपटून घेतलं. कुणीतरी विचारलं, अहो, कुठे? बायकोने डोळे उघडले.

चष्मेवाल्याने खुर्ची पुन्हा फिरवली, डोक्यावर घेतली आणि बाहेर उन्हात, म्हाताऱ्याच्या स्टुलाकडे गेला.