कपाळावरची खूण

न्हावी गुळगुळीत आणि परदेशी डॉक्टरीणबाई यांची पहिली भेट इतिहासात नोंदवावी अशी झाली. दूरदेशीच्या लोकांनी वर्गणी काढून बाईंना इथे पाठवले होते, गरिबांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू फुकट काढायला. गुळगुळीतांनी स्वागताचे भाषण पाठ केले होते. शाळेच्या अंगणात समोर उंच, पांढरेशुभ्र काहीतरी दिसले. गुळगुळीत कमरेत वाकले आणि टाळ्यांसाठी मध्ये मध्ये थांबत सगळे भाषण त्यांनी पाण्याच्या टाकीला ऐकवले. टाकीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"अहो, बाई इकडे आहेत," म्हणत बायकोने त्यांना खांद्याला धरून फिरवले.

"मग टाकी मघाशी का नाही बोलली?"

गुळगुळीत हे नाव धंद्याने दिलेले. त्यांनी दाढी केलेल्या गालावरून माशी घसरायची. पण डोळ्यांपुढे धुके दाटले आणि एका मास्तरांची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी घेऊन मास्तर गावभर हिंडले. गिऱ्हाईक आटले. बायको चार घरची धुणी धुऊन चूल पेटती ठेवत होती, आणि दुकानाच्या मालकाने बजावले होते, "या खेपेला दृष्टी आली नाही, तर जागा दुसऱ्याला."

तपासणीत बाईंनी गुळगुळीतांच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, निळ्या शाईची खूण केली.

"बाबा, ही पुसायची नाही हं," नर्सबाई म्हणाल्या. "कुठला डोळा ते यावरून कळतं. खूण नसेल त्याला बाई सुरी लावत नाहीत."

"पुसतो कशाला? जीव गेला तरी नाही."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सगळे खुणावाले रांगेने बसले. गुळगुळीतांना स्वस्थ बसवेना. हाताला काहीतरी काम हवे म्हणून त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरचा गाल चाचपला.

"हे झुडूप घेऊन टेबलावर झोपणार? परक्या बाईसमोर?"

"मग कर की साफ!"

पिशवी काखेत होतीच. गिऱ्हाइकालाही दिसत नव्हते, त्यामुळे भीतीचा प्रश्नच नव्हता. वस्तरा बोटांच्या भरवशावर चालला, आणि काय चालला! कुणाला ओरखडासुद्धा नाही. "वा रे गुळगुळ्या!" ड्रायव्हर म्हणाला, आणि पुढचे म्हातारे आपणहून हनुवट्या वर करून बसले. कितीतरी दिवसांनी गुळगुळीत पुन्हा न्हावी झाले. दाढी झाली की आयुष्यभराच्या सवयीने ओला टॉवेल, कपाळापासून गळ्यापर्यंत, एकदम दाबून. शेवटी घाम आला म्हणून तोच टॉवेल त्यांनी स्वतःच्या तोंडावरूनही फिरवला.

नर्सबाई बाहेर आल्या आणि किंचाळल्या, "खुणा कुठे गेल्या?"

धुणी उरकून आलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, काय केलंत हे!"

गुळगुळीतांच्या हातातला टॉवेल निळा झाला होता. तो ज्याच्या हातात होता, त्यालाच दिसत नव्हता.

खुणा पुन्हा करायच्या म्हणजे डोळ्यांत थेंब पुन्हा, तपासणी पुन्हा. अंधाराआधी पथकाला विमानतळ गाठायचा होता. रांगेत गलका झाला.

"यानं पुसल्या ना? मग याला शेवटी घ्या!"

"बरोबर आहे," गुळगुळीत म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

एकेकाला आत नेत होते. गुळगुळीत भिंतीला टेकून बसले. पाय त्यांनी पोटाशी घेतले. ड्रायव्हर डोळ्याला पट्टी लावून बाहेर आला आणि त्यांच्यापासून लांब जाऊन बसला. मग आत पेट्या बंद करायचे खटके ऐकू येऊ लागले.

बायको नर्सबाईंच्या पायांशी बसली. "हे वेडे आहेत हो, पण वाईट नाहीत. एकच डोळा करा. निम्मा केलात तरी चालेल. त्यांना नुसता गाल दिसू दे."

नर्सबाई आत जाऊन आल्या. "बाईंना फार वाईट वाटतंय. म्हणतात, पुढच्या वर्षी पहिला नंबर तुमचा."

"सांगा त्यांना," गुळगुळीत म्हणाले, "मी कुठं जात नाही."

पुढच्या वर्षी तिकडे पुरेशी वर्गणी जमली नाही, म्हणून पथक आले नाही. गुळगुळीतांच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त करून मिळतात.