मशीनला ताप येतो तेव्हा

वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा नेमसिंग गवंडी लॉकडाऊनमध्ये पुण्याहून अकरा दिवस चालत गावी आला. गावाने काय केलं? त्याला चौदा दिवस शाळेत कोंडलं. बायको नानीबाई काठीला भाकर बांधून खिडकीतून द्यायची.

यंदा हिंगोलीच्या साइटवर ठेकेदाराने भिंतीला गिलावा मारणारं मशीन आणलं. म्हणाला, "मिस्तरी, याला कोरोना व्हत न्हाई, अन् हे गावाकडं पळत बी न्हाई."

मशीनपुढे नारळ मात्र नेमसिंगनेच फोडला, हळदकुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी मशीन तापून बंद पडलं. नेमसिंगने त्यावर हात ठेवला.

"अंग लई तापलं मालक. चौदा दिवस शाळेत ठेवा. काहून घाबरता? भाकर मी देतो काठीनं."

मजूर हसले. ठेकेदाराने मात्र स्वतःचा टेबलफॅन आणून मशीनपुढे लावला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एसी गाडीत मेकॅनिक आला. ठेकेदार त्याला काकुळतीने म्हणाला, "खर्चाचं सोडा, आधी याला बरं करा."

नेमसिंग थापी धुता धुता म्हणाला, "मालक, म्होरल्या साथीला मला बी मशीनच समजा."