टुंबरलेला बैल आन् तीन विद्यापीठं

हसायचं न्हाई, आधीच सांगतो! मी जेमतेम सातवी पास, मार्गासनीच्या शाळेचा मास्तर. पन म्या तीन देशांतले विद्वान फसवलेत!

जर्मनच्या लढाईच्या आधी बेल्जमचे एक पाद्री आले, यानबाबा. त्यांच्या देशातलं कॅथलिक विद्यापीठ, इटलीतलं एक आन् मुंबईचं पाद्र्यांचं कॉलेज, तिन्ही मिळून आपल्या मावळी बोलीचा कोश करत होती. शब्द गोळा करायचं काम यानबाबांकडं. मुक्काम महिनाभर, माझ्याच पडवीत.

काय माणूस हो! प्रत्येक शब्दाला थांबवायचे, विचारायचे, हसायचे. बायको गेल्यापासून माझ्याशी एवढं बोललं होतं कोण?

महिना सरला. वही मिटून म्हणाले, "मास्तर, शब्द संपले. उद्या निघतो."

मी घाईनं म्हटलं, "संपले कसे? बैल रुसला की आमी काय म्हणतो, हाय का वहीत?"

"न्हाई! काय म्हणता?"

काय म्हणतो? कप्पाळ! तोंडाला आलं ते बोललो, "टुंबरला."

झालं! वही उघडली. मग डोंगरावरच्या धुक्याला 'हुपळं', ओढ्यातल्या धुक्याला 'लुबदं'... गावात कुणाला विचारलं तर म्हणायचे, "मास्तर म्हणत्यात म्हंजी असंलच की!"

असे तीन आठवडे रेटले. मग मुंबईहून बोलावणं आलं, आन् गेले. पुढं लढाई पेटली, पत्रंही थांबली.

लढाई संपल्यावर एक दिवस रस्त्याला मोटार थांबली. पाद्र्याचा पांढरा झगा दिसला. शाळा टाकून अनवाणी धावलो. खोटं कशाला सांगू, वाटेत डोळे भरून आले.

दुसराच निघाला. इटलीचा, कोवळा पाद्री, कोशाच्या पुढच्या भागासाठी शब्द गोळा करायला आलेला.

"राम राम मास्तर! बैल टुंबरला न्हाई ना?"

"यानबाबा कुठं हायेत?"

"बेल्जमात. थकलेत आता. हिकडं येणं व्हायचं न्हाई."

मी तिथंच दगडावर बसलो. त्यानं जाडजूड कोश मांडीवर ठेवला. टुंबरणे, हुपळं, लुबदं, सगळं छापलेलं! मला राहवलं न्हाई.

"बाबा, ह्ये शब्द माझ्या पदरचे हायेत. यानबाबा जाऊ नयेत म्हणून रचले."

त्यानं माझ्याकडं लई मायेनं बघितलं. "मास्तर, एका विद्यापीठानं लिहिलं, दुसऱ्यानं तपासलं, तिसऱ्यानं छापलं. चुकंल कसं?"

मग वहीत काहीतरी टिपलं. मी डोकावलो. चांगल्या बाळबोध अक्षरात लिहिलं होतं:

'मास्तरांची मराठी कच्ची. गावात दुसरा माणूस शोधावा.'