खाटेखालची तालीम

आमच्या ह्यांना व्यायामाचं वेड लागलं तेव्हा अख्ख्या घरात व्यायाम न करणारे ते एकटेच होते. आम्ही बाकीचे विहिरीवरून पाणी आणत होतो, भात कांडत होतो, गोठा काढत होतो. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. खुर्चीत बसून खिळे आणि नटबोल्ट मोजायचे, त्यामुळे पोट सुटलं होतं. शेतावर चला म्हटलं की नेमकी ह्यांची कारखान्यातली पाळी आडवी यायची.

त्या वर्षी भाद्रपदात हे कॅम्पातून एक गाठोडं घेऊन आले. कॅम्प म्हणजे उल्हासनगर. ते नाव नवीनच होतं आणि आमच्या तोंडात बसलं नव्हतं. लढाई संपून मिलिटरी गेली, फाळणी होऊन सिंधी मंडळी बराकींत येऊन राहिली, आणि मिलिटरीच्या भंगारातून त्यांनी जे बनवलं नाही ते विचारावं. आमच्या घरातली एकुलती एक लोखंडी खाटही ह्यांनी तिथूनच आणलेली, मिलिटरीच्या इस्पितळातली.

गाठोड्यातून निघाली एक दीड हाताची घडीची फळी. तिच्या एका टोकाला आकडे, आकड्यांना चार स्प्रिंगा आणि स्प्रिंगांच्या टोकांना चामड्याचे दोन फास. फळी खाटेच्या पायाला अडकवायची, जमिनीवर उताणं पडायचं, हात डोक्यामागे नेऊन फास धरायचे आणि ओढत पुढे आणायचे. झालं की घडी घालून खाटेखाली सारायची. "साईं, घर बैठे पहलवान बनो," असं दुकानदार म्हणाला म्हणे. आणि हे विरघळले.

मी स्प्रिंगा नीट पाहिल्या, मग खाटेखाली वाकून पाहिलं. त्याच स्प्रिंगा! वेटोळं तेच, जाडी तीच, गंजसुद्धा तोच. म्हणजे रात्रभर ज्या स्प्रिंगांवर घोरायचं, त्याच सकाळी ओढायच्या आणि त्याला व्यायाम म्हणायचं. मी थोरल्या जावेला हाक मारून दाखवलं. आम्हा दोघींचं एरवी कशावर जमत नसे, पण त्या दिवशी पोट धरून हसलो. झोपून करायचा व्यायाम आमच्या दोन्ही माहेरांत कोणी ऐकला नव्हता.

हे मात्र नेमाने लागले. ओसरीवर उताणे पडून 'हुं, हुं' करत. कोंबड्या बिचकायच्या. मी मुसळ घेऊन उखळापाशी उभी राहिले की मुद्दाम मोठ्याने विचारायची, "दमलात का? पाणी आणू का?" हे आणखी एक 'हुं' काढून ओढत राहत. चिडवलेलं ज्याला टोचत नाही अशा माणसाला चिडवण्यात मजा नसते, तरी मी नेटाने चिडवत राहिले.

दसऱ्याला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं घासूनपुसून मांडतात. फाळ, कुदळ, कोयते, कापणीसाठी धार लावलेले विळे, मुसळ, वरवंटा. ओळीने हळदकुंकू आणि एकेक झेंडू. हे गुपचूप आपलं यंत्र आणून ओळीच्या टोकाला ठेवायला लागले. जाऊ आडवी आली. म्हणाली, "ज्यानं घरात दाना येतो त्याची पूजा. ह्यो काय आनतो?" मी म्हटलं, "आळस आणतो." सगळे हसले. ह्यांनी यंत्र उचललं आणि परत खाटेखाली ठेवलं. त्यानंतर हळूहळू व्यायामही सुटला. मला वाटलं, जिंकले.

माघात मी माळ्यावरून गोवऱ्या काढताना शिडीवरून पडले. जांभूळ गावच्या हाडवैद्याने उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, खांदा मात्र आखडला. उजवा हात छातीच्या वर जाईना. पाणी डाव्या कडेवर आणता येई, भाकरी थापता येई, पण मला माझा अंबाडा घालता येईना.

ऐकणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. केस मोकळे सोडून सकाळच्या प्रहरी जावेपुढे पाट मांडून बसायचं, तेही तिच्या सवडीने, हे किती किरकोळ ते बसून बघावं. ती फणी ओढायची आणि बोलायची. माझ्या माहेरच्या तेलापासून माझ्या स्वयंपाकातल्या मिठापर्यंत सगळं त्या पाटावर निघायचं. मान तिच्या हातात, मी काय बोलणार? माझ्या जिभेची घरात जी वट होती ती त्या पाटावर गेली. मी देवापुढे दिवा लावताना दुसरं काही मागत नव्हते. माझा अंबाडा माझ्या हाताने घालता येऊ दे, एवढंच.

एका दुपारी, बाकी सगळे भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतावर गेलेले असताना, खाटेखाली झाडू फिरवताना त्यात तो फास अडकला. राग आला. म्हटलं, नावं ठेवतोच आहोत तर एकदा अनुभव घेऊन ठेवावीत. फळी अडकवली, दार लोटलं, उताणी पडले, दोन्ही फास धरले. स्प्रिंगांनी हात असा हिसडून मागे नेला की मी किंचाळले. रात्रपाळी करून ओसरीवर झोपलेले हे धडपडत दारात आले. मी तोवर उठून झाडू हातात घेतला होता. "काय झालं?" "झुरळ," मी म्हटलं. ह्यांनी खाटेकडे पाहिलं आणि परत जाऊन पडले.

पण खांद्यात कुठेतरी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं होतं. चार दिवसांनी पुन्हा फळी काढली, तर चारातल्या दोनच स्प्रिंगा. मला वाटलं, ह्यांनी पुन्हा चोरून व्यायाम सुरू केलाय. मी संध्याकाळी पंगतीतच सांगितलं, "ऐकलंत का, आमच्या पैलवानांना चार झेपेनात. दोनावर आलेत!" दीर ठसकले, जाऊ हसली. हे भाकरी मोडत राहिले.

दोन स्प्रिंगा मला झेपल्या. त्या हात हळूहळू मागे नेत, मी अडवत अडवत सोडायची. घर रिकामं असलं की दार लोटून पडायची. ह्यांच्यासारखं 'हुं' मात्र कधी केलं नाही. हात आधी हनुवटीपर्यंत गेला, मग कानापर्यंत. कानापाशी येऊन अडला तो अख्खा श्रावण तिथेच अडून बसला. मी त्या फळीला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, ह्यांना तर दिल्याच.

दसऱ्याच्या पहाटे न्हाऊन आले आणि दोन्ही हात मानेमागे नेले. दुखलं. तरी पेड वळला आणि आकडा खोचला. जाऊ फणी आणि तेलाची वाटी घेऊन आली ती दारातच थांबली.

"कोनी घातला गो?"

"मी."

तिने मागून फिरून पाहिलं. "वाकरा झालाय."

"असू दे," मी म्हटलं.

तिने फणी आणि वाटी तिथेच खाली ठेवली. मग बाहेर गेली आणि विळे पुसायला बसली. मी खाटेखालची फळी काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि अवजारांच्या ओळीत, मुसळाच्या शेजारी ठेवली. जावेने पाहिलं. या वेळी आडवी आली नाही, आपणच कुंकवाचं बोट लावलं.

एवढ्यात हे आतून आले. कारखान्यात न्यायच्या जेवणाच्या डब्यातून त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि फळीशेजारी ठेवलं. त्या दोन स्प्रिंगा होत्या. खरवडून गंज काढलेल्या, तेल लावलेल्या. झुरळाच्या दिवसापासून ह्यांना सगळं ठाऊक होतं. मला ओढता याव्यात म्हणून त्यांनीच त्या काढल्या होत्या, आणि पंगतीत मी हसले तेव्हाही जपून ठेवल्या होत्या. मला संताप आला, की या माणसाने मला इतके महिने हसू दिलं.

"आता लावू का परत?" ह्यांनी माझ्या अंबाड्याकडे बघत विचारलं.

मी एक झेंडू त्या दोन स्प्रिंगांवर ठेवला. म्हटलं, "सध्या एकच लावा."