बरं आहे जी

वर्ध्याच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या रांगेत एक शेतकरी भेटायचे. आर्वीकडे भाजी पिकवायचे. मीही त्याच दवाखान्यातला रुग्ण. मी आलो की दुपट्ट्याने बाक पुसून आधी मला बसवायचे.

"कसं वाटतं आता?" डॉक्टरबाई त्यांना विचारायच्या.

"बरं आहे जी."

गोळी तीच राहायची. बाहेर येऊन मला म्हणायचे, "काहीच गुण नाई, भाऊ. जेवणही कडू लागते."

"मग सांगत काऊन नाई?"

"बाई जीव लावून इलाज करून राह्यल्या. नाई म्हटलं तं त्यायले वाईट वाटन."

मी मुळातला कटकट्या. तक्रारी करून औषध बदलून घेतलं आणि सुधारलो.

काल ते फार वाळलेले दिसले. तरी आतून तेच ऐकू आलं, "बरं आहे जी." बाहेर येता येता त्यांनी मला हात जोडले, "तुमी सांगू नका."

मग माझा नंबर लागला. आत मी फक्त माझंच सांगितलं.