लंकेचे भंते

भिक्खूलाही राग येतो, हे आमच्या वस्तीला लंकेच्या भंतेंमुळे कळलं. वंदना चालू असताना कोणी कुजबुजलं तरी त्यांचा चेहरा लाल व्हायचा. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या एका हमालाला त्यांनी भर रस्त्यातून मानगुटीला धरून नेलं आणि सार्वजनिक नळाखाली बसवलं. "भंतेजी, तुम्ही तर शीलवान माणूस," असं तो पुटपुटायला लागला, तेव्हा म्हणाले, "माह्यं शील मी पाहून घेईन. तू पहिले तोंड धू." त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. राग आला की तोच हात वर जायचा आणि समोरचा माणूस गप्प व्हायचा.

नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांना लागून आमची वस्ती. बाबा गोदामात हमाली करायचे. पत्र्याचं छत असलेलं एक लांबट विहार होतं आणि त्याच्या मागच्या खोलीत भंते राहायचे. माझ्या जन्माआधीच कधीतरी ते श्रीलंकेहून नागपूरला आले आणि वर्षानुवर्षं परत गेले नाहीत. मराठी ते आमच्या लोकांकडून शिकले, म्हणून बोलायचेही आमच्यासारखंच. धरमपेठेतले शिकलेले उपासक मोटारीतून यायचे, अगदी पुस्तकी भाषेत "भंतेजी, आपली अनुमती असल्यास" वगैरे सुरू करायचे. भंते म्हणायचे, "एवढं लाजून काहून राहिले? बसा ना गा."

रविवारी ते मुलांना जमवायचे आणि धम्म शिकवता शिकवता त्यांच्या देशावर घसरायचे. विहाराच्या फरशीवर खडूने बेट काढायचे. मधोमध डोंगर, डोंगरावर चहाचे मळे, दगडी पायऱ्या असलेली जुनी शहरं, अनुराधापूरचा बोधिवृक्ष, कँडीचं बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर. खाली दक्षिणेला समुद्राच्या इतक्या जवळून जाणारी रेल्वे की लाटांचं पाणी खिडकीतून तोंडावर यावं. दालचिनीची साल कशी सोलतात, ओलं खोबरं आणि लाल मिरची वाटून भातावर कशी घेतात, वैशाख पौर्णिमेला घरोघर कागदाचे कंदील कसे लागतात, हे सगळं ते इतक्या चवीने सांगायचे की आम्हाला भूक लागायची. एकदा माझा धाकटा भाऊ रोशन उठून म्हणाला, "भंतेजी, रावण कुठं राहायचा?" भंते खो खो हसले. "तिथं येणारा तुमच्याकडचा हरएक माणूस हेच विचारते."

पण बेटाचं उत्तरेकडचं टोक काढताना त्यांचा खडू भरभर चालायचा. "हे जाफना. इथं ताडाची झाडं. तमिळ लोक राहतात," एवढंच सांगून ते पुढे जायचे.

आमच्या घरी तो देश म्हणजे बुद्धाचा देश. बाबांच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली होती आणि एकदा तरी लंका पाहायची, ही बाबांची फार इच्छा. म्हणून त्या ईस्टरच्या रविवारी टीव्हीवर कोलंबोच्या चर्चमध्ये आणि हॉटेलांत स्फोट झाल्याच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी रोशनला धाडून भंतेंना घरी बोलावलं. विहारात टीव्ही नव्हता. चर्चच्या छताची कौलं उडालेली, बाकांवर रक्त, एक चप्पल. त्यानंतर काही आठवड्यांनी तिथल्या जमावांनी मुसलमानांची घरं-दुकानं फोडली, पेटवली. तेही त्यांनी आमच्याच घरी बसून पाहिलं. बाबा अस्वस्थ होऊन म्हणाले, "भंतेजी, बुद्धाच्या देशात असं काहून होऊन राहिलं?"

"बुद्धाचा देश कोणताच नाही गा," ते म्हणाले. "तिथंही माणसंच राहतात." मग आपला तुटका हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं.

कोलंबोजवळच्या एका लहान विहारात ते तेव्हा तरुण भिक्खू होते. शेजारी एक तमिळ शिंपी राहायचा. यांची चीवरं तोच शिवून द्यायचा. त्र्याऐंशी साली जुलै महिन्यात तमिळांची घरं जळायला लागली, तसा तो बायको आणि मुलीला घेऊन विहारात आला. भंतेंनी त्यांना मूर्तीच्या मागे बसवलं आणि दाराला कडी घातली. थोड्या वेळाने जमाव आला. सर्वांत पुढे जो होता, तो विहाराला रोज भोजन देणारा उपासक. बाहेर गुडघे टेकून, हात जोडून तो म्हणाला, भंते, आम्हाला त्याला फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

"मी दार उघडलं," भंते म्हणाले. "त्याचे हात जोडलेले होते ना. मागच्यायच्या हातात काय होतं, ते मी पाहिलंच नाही."

शिंप्याला त्यांनी केसांना धरून ओढत बाहेर काढलं. भंतेंनी त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला होता. त्या मुठीवर कोणीतरी कोयता मारला. बोटं तिथे पडली आणि शिंपी रस्त्यावर गेला. त्याच्या गळ्यात टायर घातला, वर पेट्रोल ओतलं. त्या गडबडीत बायको आणि मुलगी मागच्या नारळीच्या बागेतून पळाल्या म्हणून वाचल्या. त्या पुढे जाफन्याला गेल्याचं त्यांना नंतर कळलं.

"पोलीस आले. विचारलं, कोण होते? मी म्हणालो, धूर होता, ओळखू नाही आले." भंते आईकडे पाहत होते. "भर दुपार होती बाई. धूर नंतर झाला. पण त्या माणसाच्या घरचा भात मी लहानपणापासून खाल्ला होता."

आईने चहा केला होता, तो तसाच राहिला.

पुढे दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी आमच्या वस्तीत ते घडलं. गोदामातून मागे येणाऱ्या एका ट्रकखाली शेजारची चार वर्षांची परी सापडली. तिचा पाय गुडघ्यापासून चिरडला. ड्रायव्हर तमिळनाडूचा, त्याला आमची भाषा येईना. खाली उतरून तो पोरीला उचलायला गेला आणि लोकांनी त्याला घेरलं. परीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिच्याबरोबर गेली ती दोन माणसं. उरलेले सगळे ड्रायव्हरवर तुटून पडले. लाथा, पट्टे, ट्रकमधलाच जॅकचा दांडा. तो कसाबसा सुटला, लंगडत पळाला आणि जे दार उघडं दिसलं त्यात शिरला. ते विहार होतं.

मी तेव्हा धरमपेठेतल्या शाळेत शिकवत होते आणि बसमध्ये होते. पुढचं मला भंतेंनी सांगितलं आणि खूप नंतर रोशननेही. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

भंतेंनी ड्रायव्हरला मागच्या खोलीत ढकललं, समोरचं दार लावलं आणि स्वतः खिडकीत उभे राहिले. जमाव आला. पुढे रोशन होता. परी त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची. दांडा त्याने काखेत धरला होता आणि हात जोडले होते.

"भंतेजी, दार उघडा. त्याले फक्त विचारतो."

"नाही उघडत."

"आमची पोरगी गेली असती भंतेजी!"

"तर दवाखान्यात जा. तिले रक्त लागंल. इथं काहून आला?"

मागून कोणीतरी ओरडलं, "हा लंकेचा, तो मद्रासचा, एकच आहेत बे!" आणि पहिला दगड खिडकीवर आला. मग दार तुटलं. भंते मागच्या खोलीच्या चौकटीत दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्या वेळी ते सत्तरीला टेकले होते. पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दोन्ही फटके रोशनचे होते. ते खाली पडले, पण आडवे चौकटीतच पडले आणि ड्रायव्हरकडे जायचं तर त्यांच्या अंगावर पाय देऊन जावं लागणार होतं. रक्ताने भरलेलं चीवर पाहून पहिल्यांदा मागचे थांबले, मग पुढचे. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. मी पोचले तेव्हा दोघांनाही उचलून नेत होते.

ड्रायव्हर वाचला. परीही वाचली, तिचा पाय मात्र गेला. भंतेंचा जबडा मोडला होता आणि उजवा डोळा कायमचा गेला.

वस्तीतल्या मोठ्या माणसांनी दवाखान्यात जाऊन त्यांना समजावलं. आपलीच पोरं आहेत, गर्दी होती म्हणा, दिसलं नाही म्हणा. बाबाही गेले. ते त्यांच्या पायाशी बसून रडले. "भंतेजी, एकच पोरगा आहे मले." भंतेंनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तसाच असताना पोलीस जमादार आत आला आणि त्याने विचारलं, "कोण कोण होते?"

"पाचजणं मी ओळखले," भंते बांधलेल्या जबड्यातून सावकाश म्हणाले. "तोंडावर मारणारा रोशन. याचा पोरगा."

बाबा घरी आले आणि विहारातून आणलेला बुद्धाचा फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवला. वस्ती भंतेंवर उलटली. त्यांच्या खोलीवर शेण फेकलं गेलं. ज्यांच्या घरची भांडणं त्यांनी सोडवली, त्या बायांनी त्यांना भोजन देणं बंद केलं. तरी ज्या दिवशी आम्ही पहिल्यांदा रोशनला भेटायला जेलमध्ये निघालो, त्या दिवशी ते काठी टेकत आमच्या दारात आले. "मीबी येतो."

बाबांनी पायातली चप्पल काढून त्यांना फेकून मारली. ती छातीवर लागली. भंते हलले नाहीत. रागही आला नाही त्यांना. मी पाहत होते. आई मधे आली आणि बाबांना म्हणाली, "बस झालं. तुमच्या पोरानं त्यायचा डोळा काढला. तुम्ही आता काय काढता?" मग भंतेंकडे वळून म्हणाली, "चला."

रोशनने जाळीपलीकडून त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. भंते तरीही दर भेटीला येत राहिले. एकदा त्याने जाळीवर मूठ आपटली. "काहून येता तुम्ही? माह्यं नाव सांगितलं ना? झालं ना समाधान?"

"तिकडं ज्याचं नाव मी सांगितलं नाही," भंते म्हणाले, "तो मरेपर्यंत मले हात जोडत होता रे. त्याले वाटे, त्यानं काहीच केलं नाही. तुह्यं तसं होऊ नये."

रोशनला जामीन मिळाला आणि भंते जायला निघाले. तिकडे एव्हाना पेट्रोल, गॅस, औषधं संपून लोक रस्त्यावर आले होते, त्यांचा भाऊ रांगेत उभा राहून आजारी पडला होता. पण त्यांना आधी जाफन्याला जायचं होतं. शिंप्याची मुलगी तिथे शाळेत शिकवते, असं त्यांना कळलं होतं. स्टेशनवर आई आणि मी होतो. ते म्हणाले, "कोर्टात बोलावलं की येतो. साक्ष देल्याशिवाय मरत नाही."

जाफन्याहून त्यांचा एकदाच फोन आला. मुलीला भेटलो, त्या उपासकाचं नाव सांगितलं, ते म्हणाले. ती काय म्हणाली, मी विचारलं. "तिनं नाव पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, आता जा." मग स्वतःच म्हणाले, "बरोबर बोलली वं ती."

त्या पावसाळ्यात ते गेले. भावाने कळवलं, झोपेतच गेले.

बातमी ऐकून बाबा भिंतीला टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्याच संध्याकाळी रोशनचे वकील मात्र खुशीत होते. ड्रायव्हर गावी गेला तो परतला नव्हता, आणि तसंही मागच्या खोलीत असल्यामुळे भंतेंना कोणी मारलं हे त्याला दिसलं नव्हतं. वस्तीतून कोणी बोलणार नव्हतं. "आता साक्षीदारच उरला नाही," वकील म्हणाले. "आरोप वाचून दाखवतील. गुन्हा कबूल नाही, एवढंच म्हण. सुटलास समज."

कोर्टात आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. आरोप वाचून झाले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" चौघांनी ओळीने नाही म्हटलं. रोशनची पाळी आली.

"कबूल आहे, मॅडम. दोन फटके मारले मी. दुसऱ्यानं डोळा गेला."

वकील ताडकन उठले. आईने माझं मनगट घट्ट पकडलं. बाईंनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर? वकिलांशी बोलायला वेळ हवा?"

"नाही, मॅडम. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदार उरला नाही." रोशनने कठड्यावर दोन्ही हात टेकले. "पण मी होतो ना तिथं."