‘युजुअली’नंतरचा ‘पण’

‘युजुअली’ हा शब्द कानावर पडला की आजही माझं डोकं फिरतं. शाळेत त्याचा अर्थ ‘सहसा’ असा शिकवला होता आणि मी बावळटासारखी तो धरून चालले.

आपल्याकडे दुकानदार म्हणतो, सहसा आम्ही कापड बदलून देत नाही, आणि बोलता बोलताच दुसरा तागा खाली काढतो. ऑफिसातला कारकून म्हणतो, सहसा हे आज होत नाही हो, आणि शिक्का उचलतो. ‘सहसा’च्या मागोमाग ‘पण’ येतोच. आपण फक्त चेहरा पाडून जरा थांबायचं असतं.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कॅनडात, कॅल्गरीच्या ऑफिसात मॅनेजरकडे गेले. अग्नी पुण्यात भावाने दिला होता. आईने फोनवर एवढंच विचारलं होतं, तेराव्याला तरी पोचशील ना? मी हो म्हणून बसले होते. मॅनेजरने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आवाजात माया आणली.

“वुई युजुअली गिव्ह थ्री डेज.”

मी थांबले, ‘पण’ची वाट बघत. तोही थांबला, माझ्या ‘थँक यू’ची वाट बघत. पुण्याला पोचण्यातच दोन दिवस जातात हे त्याला ठाऊक होतं. माझी रजा बाबांच्या आजारपणात संपली होती, म्हणून बिनपगारी मागितली. तर म्हणे, कंपनीच्या प्लांटचं काम चालू असताना तसं युजुअली करत नाहीत. आवाजातली माया तीच. मेल्याने तोंडावर ‘नाही’ म्हटलं असतं तर मी कडाकडा भांडले तरी असते. याला रजा द्यायची नव्हती, नकाराचा वाईटपणाही घ्यायचा नव्हता, आणि वर मी आभार मानायचे होते.

पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, अजून हातात आलं नव्हतं. नोकरी गेली तर काय काय जाईल, हे मला नीट कळत होतं. तरी उठले.

“आय युजुअली लिसन टू यू,” मी म्हटलं. “बट माय फादर डाइड.”

तो काहीतरी बोलायला लागला. मी दार ओढून घेतलं आणि जिन्यातच उभं राहून आईला फोन लावला. येतेय, म्हटलं.

“रजा दिली का गं त्यांनी?”

“घेतली.”